कुणी कुणाला दिसायचं, ते आधी ठरव

अगं, परवा तू फोनवर म्हणालीस ना, "ताई, नॅट लावलंय मी, म्हणजे ते मशीन वेगळंच झालं की," तेव्हा इकडे मिक्सर चालू होता म्हणून मी नुसतं हूं म्हटलं. ते हूं म्हणजे होकार नव्हता बरं का. म्हणून आता निवांत लिहितेय. जरा लांबेल, चहा घेऊन बस.

व्हर्च्युअलबॉक्स टाकलंस, त्यात हल्ला करायला एक काली आणि हल्ला सोसायला एक मेटास्प्लॉइटेबल अशी दोन व्हर्च्युअल मशीनं चढवलीस, हे फार छान केलंस. नुसत्या नोट्स घोकून सिक्युरिटी शिकलेली मुलं मुलाखतीत पाचव्या मिनिटाला गप्प होतात, मी घेते ना त्या मुलाखती. तेव्हा प्रयोग कर, मोडतोड कर. फक्त ती मोडतोड तुझ्या लॅपटॉपच्या आतच राहील एवढं बघ. नॅटने ते होत नाही.

व्हर्च्युअलबॉक्समध्ये नवं मशीन बनवलं की ते न विचारता नॅटवरच येतं. मशीनला १०.०.२.१५ हा पत्ता मिळतो, गेटवे १०.०.२.२, आणि बाहेरून कुणाला ते दिसत नाही. इथवर तुझं बरोबर. पण नॅट म्हणजे सोसायटीचा वॉचमन गं. आत येणाऱ्याला वहीत सही करायला लावेल, बाहेर जाणाऱ्याकडे मान वर करूनसुद्धा बघणार नाही. आतलं मशीन इंटरनेटवर जातं हे तुला ठाऊक आहे, कारण तूच त्यातून अपडेट घेतलेस. पण ते तुझ्या पीजीच्या वाय-फायवरच्या बाकीच्या लॅपटॉपपर्यंतही जाऊ शकतं. करूनच बघ. कालीमधला ब्राउझर उघड आणि पीजीच्या राउटरचा पत्ता टाक, बहुतेक १९२.१६८.१.१ असेल. राउटरचं लॉगिनचं पान समोर येईल. जिथे राउटर दिसतो तिथे शेजारच्या खोलीतल्या मुलीचा लॅपटॉपही सहसा दिसतो.

याने काय बिघडतं? २०१७ च्या मे महिन्यातलं वॉनाक्राय आठव. विंडोजच्या फाइल शेअरिंगचं ४४५ नंबरचं पोर्ट उघडं सापडलं की ते आपणहून पुढच्या मशीनवर उडी मारायचं. मायक्रोसॉफ्टने दुरुस्ती मार्चमध्येच दिली होती, पण कित्येकांनी ती टाकली नव्हती. असलं काही नॅटवरच्या मशीनमध्ये चालू झालं, तर ४४५ शोधत ते तुझ्या वाय-फायवरही पोहोचू शकतं, आणि नॅट त्याला अडवणार नाही. त्याच वर्षी जूनमध्ये आलेलं नॉटपेट्या तर युक्रेनमधल्या एका हिशेबाच्या सॉफ्टवेअरच्या अपडेटमधून निघालं, मर्स्क या जहाज कंपनीच्या नेटवर्कमध्ये शिरलं आणि आपल्या न्हावा-शेव्याच्या जेएनपीटीमधलं त्या समूहाचं टर्मिनल ठप्प करून बसलं. कुठे कीव्ह आणि कुठे उरण! मधे सगळं एकमेकांना दिसत होतं, एवढंच कारण पुरलं.

आता तुझ्यापुढे दुसरी अडचण आली असणार. काली आणि मेटास्प्लॉइटेबल दोन्ही साध्या नॅटवर ठेवलीस तर दोघांचाही पत्ता १०.०.२.१५ येतो आणि ती एकमेकांना दिसतच नाहीत, कारण साध्या नॅटमध्ये प्रत्येक मशीनला स्वतःचं स्वतंत्र नेटवर्क असतं. पिंग लागत नाही, अर्धा तास डोकं खाजवून होतं, मग कुणीतरी सांगतं, "ब्रिज्ड कर गं, लगेच चालेल." आणि खरंच लगेच चालतं! सगळा घोळ तिथेच होतो. ब्रिज्ड म्हणजे ते मशीन पीजीच्या वाय-फायला स्वतंत्र लॅपटॉपसारखं जोडलं गेलं, राउटरने त्याला पत्ता दिला, आणि आता ते सगळ्यांना दिसतंय.

आणि कोणतं मशीन? मेटास्प्लॉइटेबल, जे मुद्दाम भोकं पाडून बनवलंय. त्यातल्या १५२४ पोर्टला नुसतं जोडलं की पासवर्ड न विचारता रूटचं शेल हातात येतं. त्यातल्या एफटीपी सर्व्हरमध्ये तर अशी मागची खिडकी आहे की युजरनेमच्या शेवटी हसरा चेहरा, म्हणजे कोलन आणि कंस, टाइप केला की ६२०० पोर्टवर दार उघडतं. (२०११ मध्ये खरोखरच कुणीतरी त्या सॉफ्टवेअरच्या मूळ संग्रहात हे घुसडून ठेवलं होतं. हसरा चेहरा टाकायचं त्याला सुचलं कसं, याचं मला अजून नवल वाटतं.) तेव्हा ते ब्रिज्डवर ठेवणं म्हणजे पीजीतल्या कुणाही उचापतखोर मुलाला तुझ्या लॅपटॉपवरच्या एका मशीनचं रूट फुकट देणं. तो तिथून बाकीच्यांकडे जाईल आणि नाव तुझ्या लॅपटॉपचं येईल.

ब्रिज्डचा उलटा त्रासही असतो, तू दुसऱ्यांना दिलेला. मी एका जुन्या नोकरीत होते तेव्हा तिथल्या एका मुलाने शिकायला म्हणून व्हर्च्युअल मशीनमध्ये डीएचसीपी सर्व्हर उभा केला होता, अडॅप्टर ब्रिज्ड ठेवून. डीएचसीपीचं असं असतं की नवं आलेलं मशीन सगळ्या नेटवर्कला ओरडून विचारतं, "मला पत्ता कोण देईल?" आणि बहुतेक वेळा ज्याचं उत्तर आधी येतं त्याचा पत्ता घेतं. या मुलाचा सर्व्हर त्याच मजल्यावर, अगदी जवळ. हळूहळू लोकांच्या लॅपटॉपवर भलतेच पत्ते यायला लागले, गेटवे कुठेच न जाणारा. ज्यांचा जुना पत्ता अजून चालू होता त्यांचं नेट ठीक, ज्यांनी नेट जातंय म्हणून लॅपटॉप रीस्टार्ट केला त्यांचं मात्र पूर्ण बंद. म्हणजे जो उपाय करेल तोच अडकेल. पुढचे दोन तास सगळे स्विचला दोष देत होते. शेवटी एका सिनियरने एका अडकलेल्या लॅपटॉपवर डीएचसीपी सर्व्हरचा पत्ता पाहिला, त्यावरून मॅक अॅड्रेस काढला, तर सुरुवात ०८:००:२७. हा नंबर व्हर्च्युअलबॉक्सच्या नेटवर्क कार्डांचा. मग मजल्यावर कोण व्हर्च्युअलबॉक्स वापरतं, एवढंच विचारायचं उरलं.

म्हणून सेटिंग्जच्या खिडकीत शिरण्याआधी कागद घे. त्यावर तुझं प्रत्येक मशीन, तुझा लॅपटॉप, पीजीचं वाय-फाय आणि इंटरनेट अशी खोकी काढ. कुणाला कोण दिसायला हवं, तिथेच रेघ ओढ. बाकी रेघा नकोत. मोड कोणता, हे त्या चित्रावरून आपोआप ठरतं. मोडची नावं पाठ करून चित्र ठरवायला गेलीस तर फसशील.

तुझ्या कामाला काली आणि मेटास्प्लॉइटेबल यांच्यात एकच रेघ हवी. त्याला व्हर्च्युअलबॉक्समध्ये इंटर्नल नेटवर्क आहे. त्या मोडवरची मशीनं फक्त एकमेकांना दिसतात, तुझा लॅपटॉपसुद्धा त्यांना दिसत नाही. नेटवर्कला नाव द्यावं लागतं, न दिल्यास ते 'इंटनेट' घेतं. नाव अक्षरशः सारखं हवं. एकीकडे 'लॅब' आणि दुसरीकडे 'लॅब१' लिहिलंस तर एरर येणार नाही, दोन वेगळी नेटवर्कं मुकाट तयार होतील आणि तू पिंग करत बसशील.

तिथे पत्ते वाटायला कुणी नसतं, ते हाताने द्यावे लागतात. देताना १९२.१६८.१ घेऊ नकोस. घरोघरी तेच असतं. मी काहीतरी ओळखीचं घेते, समज १०.७७.५. कालीला १०.७७.५.१०, दुसऱ्याला १०.७७.५.२०, आणि गेटवेची जागा रिकामी. रिकामी म्हणजे रिकामी, उगाच काहीतरी भरायचं म्हणून भरू नकोस. अशा पत्त्यांचा फायदा नंतर कळतो. लॉगमध्ये किंवा नेटवर्कवरची पाकिटं दाखवणाऱ्या वायरशार्कमध्ये कुठेही १०.७७ दिसलं की ते लॅबमधून निसटलंय, हे लगेच ओळखू येतं.

दुसरा मोड होस्ट-ओन्ली. त्यात लॅपटॉपलाही त्या नेटवर्कवर एक पत्ता मिळतो, सहसा १९२.१६८.५६.१. लॅपटॉपवरून मशीनमध्ये एसएसएच करायचं असेल तर सोयीचा. पण ती सोय दुतर्फा आहे हे विसरू नकोस. मशीनलाही तुझा लॅपटॉप दिसतो, त्यावर जे पोर्ट उघडं असेल त्यासकट. वेब अॅप बनवताना चालेल. घातक काही चालवताना मुळीच नाही.

इथे एक खड्डा आहे, तो कॉलेजच्या लॅबमध्ये लागेल. तिथे हायपर-व्ही आहे ना? त्यात जो 'इंटर्नल' स्विच आहे त्यात होस्ट दिसतो! व्हर्च्युअलबॉक्सच्या इंटर्नलसारखं हवं असेल तर हायपर-व्हीत 'प्रायव्हेट' घ्यायचा. व्हीएमवेअर वर्कस्टेशनमध्ये त्यालाच लॅन सेगमेंट म्हणतात. लिनक्सवरच्या लिबव्हर्टमध्ये नेटवर्कच्या एक्सएमएलमधून 'फॉरवर्ड' हा भाग काढला की बाहेरची वाट बंद होते, पण होस्टचा पत्ता तसाच राहतो. तोही नको असेल तर 'आयपी' हा भागसुद्धा काढायचा. म्हणून म्हटलं, नावावर जाऊ नकोस, चित्रावर जा.

आता मुख्य गोष्ट, जी शंभरातली नव्वद मुलं करत नाहीत. (नव्वद हा माझा अंदाज, मोजायला कोण गेलंय.) सेटिंग केलंस, आता मशीनच्या आतून तपास.

कालीत टर्मिनल उघड आणि 'आयपी राउट' दे. सगळं नीट असेल तर १०.७७.५.०/२४ ची एकच ओळ दिसेल. 'डिफॉल्ट' या शब्दाने सुरू होणारी ओळ असता कामा नये. मग ८.८.८.८ ला पिंग कर. "नेटवर्क इज अनरीचेबल" असं तडकाफडकी उत्तर आलं तर छान, पाकीट मशीनच्या बाहेर पडलेलंच नाही. पण उत्तर न येता कर्सर नुसताच लुकलुकत राहिला आणि शेवटी १०० टक्के लॉस दाखवला, तर खूश होऊ नकोस. त्याचा अर्थ पाकीट कुठेतरी निघून गेलं, फक्त परत आलं नाही. ते कुठे गेलं, ते शोधायचं.

एवढ्यावर थांबू नकोस. मशीनचा ताबा घेतलेला माणूस डिफॉल्ट राउट नाही म्हणून हात चोळत बसणार नाही, तो स्वतः घालेल. तूही घाल. होस्ट-ओन्ली वापरत असशील तर मशीनमध्ये १९२.१६८.५६.१ हा गेटवे हाताने दे, ८.८.८.८ ला पिंग लाव आणि इकडे लॅपटॉपवर वाय-फायच्या अडॅप्टरवर वायरशार्क चालू ठेव. लॅपटॉप लिनक्स असेल आणि त्यात कशासाठी तरी आयपी फॉरवर्डिंग चालू राहिलं असेल, तर १९२.१६८.५६ या पत्त्याची पाकिटं वाय-फायवरून बाहेर पडताना डोळ्यांनी दिसतील. उत्तर येत नाही म्हणून मशीनला कळत नाही, पण माल बाहेर गेलेला असतो. विंडोजवर हेच काम इंटरनेट कनेक्शन शेअरिंग करतं. कधीतरी मोबाइलला नेट द्यायला कुणी चालू केलेलं असतं, ते तसंच राहतं.

इंटर्नल नेटवर्कमध्ये मात्र लॅपटॉपवरच्या वायरशार्कला आतलं काहीच दिसणार नाही, आणि ते बरोबरच आहे. आतली पाकिटं बघायचीच असतील तर कालीमध्येच टीसीपीडम्प लाव.

आयपीव्ही६ विसरू नकोस. तू आयपीव्ही४ चे पत्ते कितीही विचारपूर्वक दे, एफई८० ने सुरू होणारे पत्ते मशीनं आपले आपण घेऊन बसतात. कालीतून 'एफएफ०२::१' या पत्त्याला पिंग कर, अडॅप्टरचं नाव जोडून. त्या तारेवर जेवढी लिनक्स मशीनं जागी आहेत त्यातली बहुतेक हजेरी देतात. विंडोज सहसा गप्प राहतं, त्यामुळे शांतता म्हणजे कुणी नाही असं समजू नकोस. पण चित्रात त्या तारेवर दोनच खोकी होती आणि उत्तरं तिघांची आली, तर तिसरं कोण ते आधी शोध.

हे सगळं करून तू स्नॅपशॉट घेशील. इथे फार शहाणी माणसंही फसतात, म्हणून नीट ऐक. व्हर्च्युअलबॉक्सचा स्नॅपशॉट नुसती डिस्क जपत नाही, मशीनची सेटिंग्जही जपतो, त्यात नेटवर्क कार्ड कशाला जोडलंय तेही आलं. सोमवारी मशीन नॅटवर ठेवून अपडेट घेतलेस, "स्वच्छ" असं नाव देऊन स्नॅपशॉट घेतलास, मग इंटर्नलवर नेलंस आणि चार दिवस प्रयोग केलेस. शुक्रवारी मशीनचा पार विचका झाला म्हणून "स्वच्छ" वर परत गेलीस, की मशीन पुन्हा नॅटवर! आणि तुझ्या मनात मात्र ते इंटर्नलवरच असतं. कुठे काही सूचना येत नाही. म्हणून आधी इंटर्नलवर ने, आयपी राउट बघ, आणि मगच स्नॅपशॉट घे. नावातच लिही, "इंटर्नल, स्वच्छ". पुढे अपडेटसाठी नॅटवर न्यावंच लागलं तर ते काम झालं की परत इंटर्नल, नवा स्नॅपशॉट, आणि जुना काढून टाक. मेटास्प्लॉइटेबलला अपडेटची गरजच नाही, ते जुनं राहण्यासाठीच बनवलंय. त्याला नॅट दाखवूच नकोस.

क्लोन करताना नवे मॅक अॅड्रेस तयार करायचा पर्याय निवड, नाहीतर एकाच नेटवर्कवर दोन मशीनं एकाच ओळखीची आणि पिंग कधी लागतोय, कधी नाही. उबुंटू सर्व्हरचे क्लोन असतील तर मॅक बदलूनही दोघांना डीएचसीपीकडून एकच पत्ता मिळू शकतो, कारण तिथे ओळख मशीन-आयडीच्या फाइलवरून काढलेली असते. ती फाइलही नवी करावी लागते.

नेटवर्क बंद केलं म्हणजे वाटा संपल्या असंही नाही. शेअर्ड फोल्डर चालू आहे? मग मशीनमधल्या रॅन्समवेअरला तुझं डॉक्युमेंट्सचं फोल्डर थेट ताटात मिळालं. क्लिपबोर्ड दोन्हीकडून चालू आहे? तू लॅपटॉपवर कॉपी केलेला पासवर्ड तिकडे वाचता येतो. दोन्ही बंद. फाइल द्यायचीच असेल तर आयएसओ बनवून सीडी म्हणून लाव, ती वाचता येते, तिच्यावर लिहिता येत नाही. आणि व्हर्च्युअलबॉक्स स्वतः अपडेट ठेव. २०१५ मध्ये व्हेनम नावाची चूक सापडली होती, क्यूईएमयूच्या फ्लॉपी ड्राइव्हच्या कोडमध्ये, ज्यातून मशीनमधून होस्टवर उडी मारता येत होती. फ्लॉपी, अगं! जी तू आयुष्यात हातात धरली नसशील. तोच कोड व्हर्च्युअलबॉक्समध्येही होता. अशा चुका विरळा असतात, पण असतात.

खरं मालवेअर मात्र एवढ्यात आणू नकोस. त्याचं कारण नुसती भीती नाही. वॉनाक्राय सुरू होताना एका अगडबंब, अर्थहीन डोमेनला हाक मारायचं. उत्तर आलं तर गप्प बसायचं, नाही आलं तर कामाला लागायचं. म्हणजे बघ, पूर्ण तोडलेल्या नेटवर्कमध्ये ते सुसाट सुटेल, आणि आयनेटसिमसारखं खोटं इंटरनेट लावलंस, जे कुठल्याही नावाला हो म्हणतं, तर ते काहीच करणार नाही. एकाच नमुन्याची दोन वागणी, तुझ्या लॅबच्या बांधणीवर अवलंबून. हे वाचायला आधी तुला साधी लॅब डोळे मिटून उभी करता यायला हवी.

आणखी एक, आईला सांगू नकोस म्हणून हळूच सांगते. काली नॅटवर किंवा ब्रिज्डवर असेल आणि एनमॅप चालवताना पत्त्यातला एक आकडा चुकला, तर स्कॅन पीजीच्या नेटवर्कवर जाऊ शकतं. आपला माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० आहे ना, त्याच्या कलम ४३ मध्ये मालकाच्या परवानगीशिवाय दुसऱ्याच्या संगणकात किंवा नेटवर्कमध्ये शिरणं येतं, आणि तेच अप्रामाणिक हेतूने केलं तर कलम ६६ खाली तीन वर्षांपर्यंत कैद किंवा पाच लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही. तुझा हेतू स्वच्छ आहे हे मला माहीत आहे, पण तो कुणाला समजावत बसायची वेळ का आणायची? इंटर्नल नेटवर्कवर आकडा चुकला तर स्कॅन बाहेर जातच नाही, आणि तू दुरुस्त करतेस.

लॅपटॉप ८ जीबीचाच आहे ना तुझा? मग कालीला २ जीबी दे, मेटास्प्लॉइटेबलला ५१२ एमबी पुष्कळ झाले. पुढे दोघांच्या मधे फायरवॉल टाकून दोन इंटर्नल नेटवर्कं जोडायची असतील तर पीएफसेन्स किंवा ओपीएनसेन्स चढव, पीएफसेन्स १ जीबीत चालतं, ओपीएनसेन्सला निदान २ लागतात, पण त्याचा तिसरा पाय नॅटवर ठेवायचा मोह आवर, निदान पहिला महिना. आणि ते खोक्यांचं चित्र काढलंस की फोटो काढून व्हॉट्सअॅप कर, सोबत आयपी राउटचा स्क्रीनशॉट. शनिवारी मला सुट्टी आहे, तेव्हा बसून बघू.